जुनी सही

लुसाकात ऑक्टोबर. जॅकरांडाची फुलं
मंत्रालयाच्या पत्र्यावर पडतात, आवाज न करता.
वीज गेली आहे. खिडकीशी फाईल धरून
मी वाचते एक पत्र, एकोणीस वर्षांपूर्वीचं:
‘आमच्या अशिलाचे नम्र म्हणणे असे की...’
भाषा चांगली आहे. फारच चांगली.
दुसऱ्या परिच्छेदातच कळलं कुणाची,
तरी शेवटचं पान उलटलं.
नामुकोलो इमासिकू.
शेवटच्या अक्षराची शेपटी तेव्हा उंच जायची.

तेव्हा मी कैरो रोडवर, तिसऱ्या मजल्यावर,
बहिणीचे बूट घालून जात असे.
थोरले भागीदार चिसांगा साहेब म्हणायचे,
कायदा काय म्हणतो ते कारकूनही सांगेल,
काय म्हणायला विसरला, त्याची फी मिळते.
मी ते वहीत लिहून घेतलं होतं.
खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

मग किट्वे. खाणीत,
म्हणजे खाणीच्या ऑफिसात; खाली एकदाच उतरले,
हेल्मेट डोळ्यांवर येत होतं, फोटोत मी दिसतच नाही.
तांबं निघायचं आमच्या पायाखालून
आणि त्याचा भाव ठरायचा एका थंड गावात.
ते गावही पाहिलंय मी. एक तळं, एक बेकरी,
एका दारावर चाळीस कंपन्यांच्या पाट्या
आणि घंटा एकच.
मी ती वाजवली नाही.
बेकरीतून गोड पाव घेतला आणि विमान पकडलं.

पळवाट पहिल्यांदा चालताना छाती धडधडते.
रोज चाललं की तिची पायवाट होते,
मग कुणीतरी डांबर टाकतं,
आणि एक दिवस नकाशात तिलाच हमरस्ता म्हणतात.
डांबराचा एक डबा माझाही.

वडील मोंगूला नाव वल्हवायचे, पूर चढला की.
भाडं माणशी ठरलेलं, दवाखान्याला जाणाऱ्याला माफ.
एका मोसमात अख्खी नाव खोकू लागली.
चांगले धडधाकट, खांद्यावर पोती घेऊन, खोकत चढायचे.
वडिलांनी माफी रद्द केली नाही.
कुणाला नाडी दाखव म्हटलं नाही.
फक्त परतीला हात पुढे करू लागले:
बरे झालात ना?
ज्यांचं माणूस परत आलंच नाही
त्यांच्याकडे ते पाण्याकडे पाहिल्यासारखं पाहायचे.

पॅरिसच्या, अदिस अबाबाच्या परिषदांत
गळ्यात पाटी अडकवून मी खूप ऐकलं.
याहून सरळ कलम कुणी सांगितलं नाही.
ते कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं
ते मलाही अजून जमलेलं नाही. चौथा मसुदा आहे हा.

काल सोवेटो बाजारात सुकी मासळी घेतली.
विकणारीने चितेंगेची गाठ सोडून
बाजारकराची पावती माझ्यापुढे धरली.
खरी आहे ना?
मी उजेडात धरून शिक्का पाहिला. खरी आहे म्हटलं.
तिने गाठ मारली, मापात मूठभर जास्त घातली.
मला नको म्हणता आलं नाही.

लोम्बे विचारतो, मॅडम, हे पत्र कुणी लिहिलं असेल?
सव्वीस वर्षांचा आहे, फाईल अजून पुस्तकासारखी वाचतो.
हुशार माणूस दिसतो, म्हणतो, पण...
पण काय?
तो शब्द शोधत राहिला.
तेवढ्यात वीज आली, छपाईयंत्र खडखडलं,
आणि तो कागद सरळ करायला धावला.

कैरो रोडवर आत्ता कुणी मुलगी
माझ्या न झालेल्या कलमाला उत्तर लिहीत असेल.
तिची भाषा चांगली असणार.
मी फाईलवर ‘पाहिले’ असा शेरा मारते, तारीख घालते.
पेन उमटत नाही.
लोम्बे, तुझं दे जरा.